उकिरड्याचं इंजिनिअरिंग

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी म्हणजे वर्षातून एकदा भीती घालणारा एक पेपर, बस्स! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको. मागच्या वर्षी इंग्रजी विभागात मी एक कविता दिली होती. ती माझ्या रूममेटनंसुद्धा वाचली नाही. म्हणून यंदा मराठीत, आणि विषय काय निवडला, तर कचऱ्याचा डबा! "तुला दुसरं काही सुचलं नाही का?" असं रूममेटनं विचारलंच. नाही सुचलं. गेलं दीड वर्ष घरी फोन केला की हाच एक विषय असतो.

तर मी वडशाची. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "वडसा म्हणजे कुठे गं?" स्टेशनच्या पाटीवर वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, गाव एकच. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की येतं. गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षं रेल्वेचं स्टेशन म्हणून सांगायला आमचंच होतं. पश्चिमेला वैनगंगा, पुलापलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी, म्हणजे दर उन्हाळ्यात तापमानासाठी पेपरात येतं तेच. गावात राईस मिल, दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटकं आणि आजूबाजूला जंगल. २०२२ च्या ऑक्टोबरात तेरा माणसं मारणारा वाघ आमच्याच वडसा वनविभागात पकडला, तेव्हा मात्र सगळ्यांना वडसा बरोबर माहीत झालं होतं! असो.

आमच्या घरामागे सांदवाडी आहे. तिच्या एका कोपऱ्यात आजीचा उकिरडा होता. गाईचं शेण, गोठ्यातलं उरलेलं तणस, चुलीची राख, भाजीची देठं, अंगणातला पाला, सगळं त्यात. मे महिन्यात आजोबा तो उपसायचे आणि बैलगाडीनं शेतात न्यायचे. आजी उकिरडा म्हणायचीच नाही, ती 'खात' म्हणायची. आमच्याकडे खताला खात म्हणतात.

आता जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आठवीत असताना शाळेतल्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. मागच्या दारी गेलो आणि एकीनं नाकाला रुमाल लावला. मी पटकन म्हणाले, "इट्स नॉट अवर्स, बाजूवाल्यांचा आहे." आजी तिथेच शेणाची टोपली घेऊन उभी होती. आजीला इंग्रजी येत नाही. पण मी हातानं बाजूच्या घराकडे दाखवलं होतं, आणि तेवढं कळायला इंग्रजी लागत नाही. ती काही बोलली नाही. टोपली उकिरड्यावर न टाकता तशीच गोठ्यात परत घेऊन गेली. मैत्रिणी गेल्यावर टाकली असेल.

२०२१ साली आजोबा गेले. पुढच्या वर्षी गाय विकली, कारण करणार कोण? बाबांनी सांदवाडीचा तो कोपरा बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवले, गाडी ठेवायला जागा झाली. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. फक्त आजीची सवय गेली नाही. भाजीची सालं ती एका डालड्याच्या डब्यात जमा करायची. घंटागाडी रोज यायची, पण तिला पटायचं नाही. "आपल्या घरचं खात दुसऱ्याच्या गाडीत कायले टाकू?" म्हणायची आणि डबा घेऊन रस्त्यापलीकडच्या एका पडीक जागेत टाकून यायची. २०२४ च्या जुलैत, झडीच्या दिवसांत, तिथूनच परत येताना घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लेट टाकावी लागली. वय ७६.

आठ दिवसांनी बाबांचा फोन आला. "आजी ऐकत नाही. घरीच टाकता येईल असा एखादा चांगला डबा पाहा. तू इंजिनिअर होऊन रायली ना!"

मी तेव्हा नुकती सेकंड इयर मेकॅनिकलला गेलेली. इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! रात्री मेसमधून येऊन मोबाईलवर शोधायला बसले. एक फिरता ड्रम सापडला. १५० लिटर, काळं प्लास्टिक, मधून दांडा, स्टँडवर बसवलेला. फोटोत हिरव्या लॉनवर एक बाई हसत हसत तो एका हातानं फिरवत होती. किंमत ३८०० रुपये. बाबांनी लगेच पैसे भरले. ड्रम घरी पोहोचला तेव्हा आजी म्हणाली म्हणे, "याच्यात पाणी भरतेत का लोणी काढतेत?"

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर स्टेशनवरच बाबांचा चेहरा पडलेला. आईनं ड्रमचा विषय काढू नकोस असं आधीच फोनवर सांगितलं होतं. मी झाकण उघडलं... आणि मंडळी, आपल्या मेसच्या मागचं गटार उन्हाळ्यात कसं असतं? त्याच्या चौपट! आत काळा चिखल, खाली पाणी, त्यात बोटभर अळ्या. बाजूच्या काकूंनी बोलणं सोडलं होतं. घरात कुणी काही म्हणालं नाही, पण फराळाच्या वेळी भाऊ म्हणाला, "इंजिनिअर मॅडम, अजून एक चकली घ्या." पुढे बोलण्याची गरजच नव्हती.

चूक ड्रमपेक्षा माझी जास्त होती, हे नंतर कळलं. आम्ही आत फक्त ओलं टाकत होतो. भाजी, सालं, शिळा भात. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनपेक्षा पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात तो कमी असतो, वाळलेल्या पाल्यात आणि तणसात भरपूर. शिवाय हवा लागते. नुसता ओला कचरा बसत जातो, मधल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि ते वास मारतात. कुजणं आणि सडणं यात एवढाच फरक. त्यात आमच्याकडची चार महिन्यांची झड, म्हणजे हवेतच इतकं पाणी की ड्रममधलं जाणार कुठे?

मग मी दुसरी चूक केली. कोरडं पाहिजे ना? मग राईस मिलच्या गावात काय तोटा! दोन पोती धानाचं तूस आणून ओतलं. वास दोन दिवसांत गेला, काकू बोलायला लागल्या, मी कॉलर ताठ करून हॉस्टेलला परत आले. हिवाळी सुट्टीत पाहिलं तर भाजीचा पत्ता नव्हता, आणि तूस जसंच्या तसं. मूठभर हातात घेतलं तर वाटावं आजच धान भरडलं. आजी पहिल्यांदा हसली. "तूस कुजत असतं तं मिलच्या मागचा ढीग कधीचाच बसला असता व बाई."

याला म्हणतात निरीक्षण! मी लहानपणापासून तो ढीग बघते आहे, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुसात सिलिका असते. तूस जाळलं की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच. म्हणजे तुम्ही जिवाणूंना जेवायला जवळजवळ वाळू वाढताय. हवा खेळती ठेवायला थोडं तूस चालतं, पण पोटभर जेवण म्हणून नाही.

खरा घोळ वेगळाच होता आणि तो मला आजीच्या हाताकडे बघून कळला. ड्रम अर्ध्याहून जास्त भरला की आतलं वजन चाळीस किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं खाली बसलेलं असतं. फिरवायचं म्हणजे ते वजन दांड्याच्या वर उचलून न्यायचं. मी वहीत हिशेब केला तर ६० न्यूटन-मीटरच्या जवळपास टॉर्क आला. प्लेट टाकलेल्या मनगटानं ७६ वर्षांच्या बाईनं तेवढा टॉर्क द्यायचा! फोटोतल्या बाईचा ड्रम रिकामा असणार, नक्की. मी क्षमता बघितली, रंग बघितला, पाच पैकी किती स्टार बघितले. तो फिरवणार कोण, हे एकदाही विचारलं नाही.

मग नीट अभ्यासाला लागले (परीक्षेसाठी एवढा केला असता तर मॅथ्स थ्रीचा बॅक लागला नसता). आधी सात दिवस घरचा ओला कचरा आईच्या स्वयंपाकाच्या काट्यावर मोजला. पाच माणसांचा आठवड्याचा साडेसहा किलो भरला. आजीला हे फार मजेचं वाटलं. "सालं तोलून रायली पोरगी!" म्हणून शेजारी सांगत होती.

मग शोधताना लक्षात आलं, की या विषयात आपली माणसं भलतीच मोठी आहेत. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखतात. पण १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं त्याच्यावर दोन नावं आहेत, दुसरं यशवंत वाड. ते नाव किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका. 'नाडेप' हा मला इतके दिवस कुठल्यातरी सरकारी योजनेचा शॉर्टफॉर्म वाटायचा! ती त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. विटांचं टाकं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना मुद्दाम भोकं ठेवलेली. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून मातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार, आणि थोड्या शेणात भरपूर खत, ही त्याची खुबी.

मला ते इतकं आवडलं की मी बाबांना म्हटलं, पेव्हर ब्लॉक काढा, आपण नाडेप बांधू! मग हिशेब केला. एका टाक्याला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा लागतो. आमचा दिवसाला किलोभरही नाही. म्हणजे एक टाकं भरायला चार वर्षांहून जास्त. तेवढ्यात माझी डिग्रीही होते (बॅक धरूनसुद्धा). नाडेप शेतकऱ्याचं, आमच्यासारख्या गाय विकलेल्यांचं नाही.

नागपूरला मावशीच्या फ्लॅटमध्ये मातीची तीन मडकी एकावर एक रचलेली आहेत. तसा 'खांब' बंगळुरूच्या पूनम बीर कस्तुरी यांच्या 'डेली डंप'नं प्रसिद्ध केला, २००६ पासून. दिसायला फार छान, माती जास्तीचं पाणी शोषते, वास नाही. वरचं मडकं भरलं की खालच्या जागी न्यायचं, खालचं वर आणायचं. बाल्कनीवाल्यांना माझं मत विचारलंत तर हाच घ्या. पण भरलेलं मडकं उचलायचं कोणी? पुन्हा आजीचं मनगट आडवं आलं. बोकाशी म्हणून एक जपानी तऱ्हा आहे, झाकणबंद बादलीत कचरा आंबवायचा. जागा कमी लागते, पण कोंड्याचं विरजण सतत विकत आणा आणि शेवटी ते सगळं मातीत पुरा. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढं करून मातीतच पुरायचं तं आधीच पुर ना." गांडूळ खताचाही विचार झाला. पण आमच्या मे महिन्यात टाकीतली गांडुळं जगवायची म्हणजे त्यांना आमच्याआधी कूलर लावावा लागेल.

शेवटी उपाय सुचवला आजीनंच, आणि तोही सहज. मी अंगणात बसून भोकांचं डिझाइन काढत होते, प्लास्टिकच्या पिंपाला किती भोकं, किती व्यासाची वगैरे. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भोकंच पाहिजेत तं ढोली घे ना."

ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. धान भरायचं तर तिला शेणामातीनं लिंपतात. लिंपली नाही, तर चारी बाजूंनी फटीच फटी! नाडेप काकांनी विटांत जी भोकं ठेवली तीच ही. आणि बांबू म्हणजे आमच्या जिल्ह्याचा जीव की प्राण. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावच्या ग्रामसभेला २०११ साली स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळाला, ते सगळ्या देशानं बघितलं. आणि मी मात्र प्लास्टिकचा ड्रम कुरिअरनं मागवत होते!

बाजारात बुरड काकांना आम्ही माप सांगितलं. अडीच फूट उंच, अडीच फूट रुंद, आणि बूड नको. "बूड नाही? मग ढोली कायची?" त्यांना ते पटेना. दोन ढोल्यांचे बाराशे रुपये घेतले, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका म्हणाले! उंची मी आजीला स्टुलावर बसवून, हात कुठवर सहज जातो ते टेपनं मोजून ठरवली. पोटात साडेतीनशे लिटर. बूड नाही म्हणून पाणी जमिनीत मुरतं, गांडुळं हवी तेव्हा वर येतात, उन्हात नको तेव्हा खाली जातात. आणि खत काढायचं तेव्हा कुणी आत वाकायला नको. ढोली नुसती वर उचलायची, ढीग तिथेच राहतो, फावड्यानं ओढून घ्यायचा. पेव्हर ब्लॉकच्या पलीकडे कडुलिंबाखाली दोन्ही मांडल्या, २०२५ च्या जानेवारीत. बाबांनी वर जुना टिनाचा पत्रा दिला, पावसासाठी.

रीत सोपी. एक टोपलं ओलं, त्यावर दीड-दोन टोपली कोरडं. कोरडं म्हणजे कडुलिंबाचा पाला, कापलेलं तणस, आरा मशीनचा भुसा. सुरुवातीला जुन्या शेणखताची एक टोपली विरजणासारखी. ओल बघायची असेल तर मूठभर घेऊन पिळायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, काहीच नाही तर पाणी मारा. मे महिन्यात दर तिसऱ्या दिवशी दोन मग पाणी लागलं. ही पिळून बघायची रीत मी आजीला शिकवायला गेले. ती म्हणाली, "मी नाकानं पाहतो."

जूनमध्ये पहिली ढोली भरली, दुसरी सुरू केली. त्याच सुमारास उंदीर आले. मग शिळा भात टाकणं बंद केलं आणि बुडाशी बारीक जाळी अंथरली. एका ढोलीला उधई लागली आहे. दोन वर्षांत बदलावी लागेल, हे मान्य. ड्रम दहा वर्षं टिकला असता. टिकेलच, कारण तो आता मागच्या भिंतीला पालथा पडलेला आहे आणि त्यावर मांजर झोपतं.

एक गोष्ट मात्र आजीला खटकायची. "आपल्या उकिरड्यातून वाफ निघे. याच्यातून कामून नाही निघत?" मला उत्तर देता आलं नव्हतं. यंदा हीट ट्रान्सफर शिकताना वर्गातच डोक्यात प्रकाश पडला. उष्णता तयार होते आकारमानात आणि निसटते पृष्ठभागातून. एक मीटर बाजूच्या ढिगाला प्रत्येक घनमीटरमागे सहा चौरस मीटर पृष्ठभाग, पन्नास लिटरच्या चौकोनी डब्याला तोच सोळा. म्हणून मोठा ढीग साठ अंशांपर्यंत तापतो आणि घरगुती डबा कोमट राहतो. खत दोन्हीत होतं, फक्त छोट्यात वेळ जास्त लागतो आणि आतल्या बिया मरत नाहीत. सरांना लेक्चरनंतर हे सांगितलं, तर त्यांनी त्यांच्या घरचा डबा वास मारतो म्हणून मलाच दहा मिनिटं थांबवून घेतलं!

(जाता जाता. एका रात्री मी आणि रूममेटनं आपल्या मेसच्या ताटांतलं उष्टं मोजलं. एका जेवणाचं १४ किलो. आणि फेब्रुवारीत हॉस्टेलच्या मागे पाल्याचे ढीग पेटवतात, त्याचा धूर आपण सगळे खातो. नाडेप बांधायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही. वॉर्डन मॅडमना अर्ज दिलेला आहे. मेसच्या काकांची हरकत नाही, फक्त ते म्हणतात की मुलींनी आधी भात कमी वाढून घ्यावा.)

दिवाळीत पहिली ढोली उचलली. बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. वरचा थर कच्चा होता, तो दुसऱ्या ढोलीत टाकला. खालचं काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखं वास येणारं. रेतीच्या चाळणीनं चाळलं, दोन गोण्या भरल्या. त्याच वेळी माझ्या शाळेतली एक मैत्रीण भेटायला आली. तीच, रुमालवाली. मागच्या दारी येऊन तिनं विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "आमचं खात."

आजी स्टुलावर बसून चाळणीतले खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "तिले चहा ठेव व, उभीच आहे पोरगी."

गेल्या रविवारी फोन केला तर आजीनंच उचलला. ढोलीच्या फटीतून भेदराचं झाड बाहेर आलं आहे, टमाट्याला आम्ही भेदरं म्हणतो. चांगलं हातभर झालं आहे, चार फुलंही आहेत. बाबा म्हणतात उपटून टाका, ढोली फाटेल. आजीला विचारायचं होतं की तुझ्या इंजिनिअरिंगात काय सांगतात, ठेवू का काढू?

मी म्हटलं, ठेव.

"मी ठेवलंच आहे," आजी म्हणाली. "तुले विचारून पाहिलं."